शिसवी पेटीचा कलश

माझ्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूचे दोन दात नाहीत. कुणी विचारलं तर बायको माझ्याआधी उत्तर देते, "पेटीनं खाल्ले." ऐकणाऱ्याला वाटतं, पेटी उचलताना तोंडावर आली असेल. तसं नव्हे. ते दात दोन सख्ख्या भावांनी मिळून पाडले. त्या दोघांनी मिळून काही करावं म्हणून नातेवाईक वर्षानुवर्षं झटले होते. कुणाला जमलं नाही ते माझ्यामुळं जमलं.

मी जुनं फर्निचर घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. शाहूपुरीत पुढं दुकान, मागं शेड. लोकांना हे काम नाजूक वाटतं. मऊ फडकं, बारीक ब्रश, म्हाताऱ्या माणसाचे पाय चेपावेत तसं काहीतरी. एकदा शेडमध्ये येऊन बघा. आपल्या लोकांना दिवाळी आली की घरातल्या लाकडाला ऑइल पेंट फासायची खोड. शिसवी कपाटावर पिवळा, पिवळ्यावर हिरवा, हिरव्यावर चॉकलेटी. तो काढायला कॉस्टिक सोडा लागतो आणि तो सोडा रंगाबरोबर हाताचं कातडंही नेतो. जुना सांधा उघडायचा तर उकळतं पाणी ओतून लाकडी हातोड्यानं मारावं लागतं. तो सुटतो तेव्हा हाड मोडल्यासारखा आवाज करतो.

मला हे कुणी शिकवलं नाही. कागलजवळच्या एका खेड्यात बाप सुतार होता. बैलगाड्या, पाळणे आणि गावात कुणी गेलं तर तिरडी करायचा. मी कोल्हापुरात येऊन एका वखारीत लागलो. तिथला मालक हातात येईल त्या फळकुटानं मारायचा. एक दिवस ते फळकूट मी त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याला दाखवलं की दुसऱ्या बाजूनं ते कसं लागतं. त्यानंतर मला कुणी कामावर ठेवेना, म्हणून स्वतःचं काढलं. जे उभं केलं ते भांडून, घासाघीस करून. गोड बोलून मला आजवर एक खुर्चीसुद्धा मिळालेली नाही.

ती पेटी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गुळाच्या अडतीची पेढी होती. घराणं शैव, सीमेकडचं. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडण दोन्हीत. पेढीवरचा म्हातारा पेटीच्या झाकणावर गादी टाकून बसायचा. बिजागरी ढिली झाली म्हणून मला बोलावलं. गादी उचलली आणि मी हातातली पटाशी खाली ठेवली.

अख्खी शिसवी. एक माणूस सुखानं आडवा होईल एवढी लांब, कमरेइतकी उंच, काळीभोर. एक खिळा नाही. फळ्या एकमेकींत दात घालून बसवलेल्या. पुढच्या अंगाला दोन मोर समोरासमोर, मध्ये कलश, आणि मोरांच्या चोची कलशाला टेकलेल्या. नक्षी करणाऱ्यानं मोर असे कोरले होते की ते पाणी पिताहेत की भांडताहेत ते कळू नये.

मला ती पेटी हवी झाली. विकायला नव्हे. आयुष्यात मी अमुक एक गोष्ट माझ्यासाठी ठेवीन असं कधी म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी म्हटलं. म्हातारा हसला. "मेस्त्री, हिच्यावर बसल्याशिवाय आमच्या घरात कोन मालक हुत न्हाई. मी जिता हाय तवर डोळा लावू नको."

पुढं दोन-चार वर्षांत म्हातारा गेला. दोन मुलगे. थोरला जाडजूड, हळू बोलणारा, पण एकदा धरलं की सोडत नसे. धाकटा तापट, माझ्यासारखा. म्हणूनच त्याचा मला कमी राग यायचा. बापाचं वर्ष व्हायच्या आत दोघांत बोलणं बंद झालं आणि वाटणी निघाली.

आपल्याकडं वाटणीची रीत सगळ्यांना माहीत आहे. थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला वाटे सारखे घालतो, कारण उरलेला त्याच्या पदरात येणार असतो. घर, पेढी, कबनूरची जागा, तांब्यापितळेची भांडी, सगळं ह्या रीतीनं बसलं. पेटी बसेना. ती ज्या वाट्यात पडेल तो वाटा धाकटा डोळे मिटून उचलणार, हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. म्हणून थोरला ती कुठल्याच वाट्यात घालीना. तिची किंमत ठरवायला मला बोलावलं.

पेढीच्या मागच्या अंगणात पेटी काढून ठेवली होती. दोन भाऊ दोन टोकांना. मध्ये पंच म्हणून त्यांच्या नात्यातला एक म्हातारा, कपाळाला भस्म, हातात काठी. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जे बोलायचं ते म्हाताऱ्याला सांगायचे आणि म्हातारा ते तसंच दुसऱ्याला सांगायचा, जणू मधे नदी होती.

थोरला म्हणाला, "मेस्त्री, किंमत काय हुईल सांगा."

"विकणार असशीला तर सांगतो. नुसतं ऐकायला मी किंमत सांगत न्हाई."

"आनि विकली तर?"

"मी घेतो. तुमी पैसं निम्मं निम्मं करा. पैशाला करवत लागत न्हाई."

पंचाला हे एकदम पटलं. "बेस की! मेस्त्रीला पेटी, तुमाला पैसं आनि मला जेवान. माझी पाठ मोडली हितं बसून."

मग भाव सुरू झाला. मी एक आकडा बोललो, थोरल्यानं दुप्पट केला. मी थोडा चढलो, तो थोडा उतरला. धाकटा नुसता मान डोलवत होता, त्याला पेटी थोरल्याच्या घरात जाऊ नये एवढंच पाहिजे होतं. शेवटी अंतर एवढं कमी राहिलं की पानाच्या टपरीवर उभ्या उभ्या मिटलं असतं. मी चेहरा असा ठेवला होता की मला हे लाकूड नेऊन टाकायची कटकट वाटतेय.

तेव्हा थोरला म्हणाला, "वाढव की गा मेस्त्री. तुझ्या बानं जल्मात असली पेटी बघितली व्हती का? तिरड्या बांधनारी मानसं तुमी."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. सदऱ्याला धरून ओढला, गुंड्या तुटून अंगणात उडाल्या, आणि दुसरी वाजवली. हमालांनी मला मागं ओढलं. त्या दोन थपडांचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आज वाटत नाही. घासाघीस मालाची असते, बापाची नसते.

थोरला गालाला हात लावून उभा. "ह्याला न्हाई," तो म्हणाला. "कापून चुलीत घालीन, पन ह्याला न्हाई."

आणि धाकट्यानं किती महिन्यांनी पहिल्यांदा भावाला सरळ उत्तर दिलं. "चुलीत तुझी निम्मी घाल. माझी निम्मी मला दे."

झालं. चिडून तोंडातून गेलं ते ठरून गेलं. मी ओरडून सांगितलं की हिला खिळा नाही, मी फळ्या सोडवून देतो, निम्म्या निम्म्या न्या, पुढं कधी जोडता तरी येईल. थोरला म्हणाला, "तुझा हात लागला तर हात मोडीन." हमालांना सांगितलं. ते मागं सरकले. त्यांच्यातला वयस्क म्हणाला, "लक्ष्मीपूजनाला हिच्याम्होरं नारळ फोडलाय आमी. आमच्या हातनं हे हुयाचं न्हाई, मालक."

मग जवळच्या वखारीतून ओंडके कापायची करवत आली. लांबलचक, दोन्ही टोकांना मूठ, दोघांनी ओढायची. आणि ती धरायला तिथं ते दोघे सोडून कुणीही तयार नव्हतं.

दोघांनी ओढायच्या करवतीचं एक आहे. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं असतं. ढकललं की पातं वाकतं आणि अडकतं. एकमेकांवर भरवसा नसेल तर तिच्यानं काकडीही कापता येत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच करवत झाकणात रुतून बसली.

"त्याला सांगा," थोरला पंचाला म्हणाला, "ढकलू नको म्हनावं. नुसतं वड."

"ढकलू नको म्हंतोय," पंच धाकट्याला म्हणाला.

"त्याला सांगा, आधी त्यानं सोडावं. जल्मात कवा काय सोडलंय त्यानं?"

"सोड म्हंतोय."

"त्याला सांगा, तोंड बंद ठेव."

"अरं, मी कुनाकुनाला काय काय सांगू? मरा दोघं बी!" म्हणून म्हातारा ओसरीवर जाऊन बसला.

आता मधे कुणी नव्हतं. हिसक्यावर हिसके. कीस उडत होता. एका हिसक्याला धाकट्याचा हात मुठीवरून सटकला आणि करवतीचे दात तळव्यातून गेले. रक्त झाकणावरून खाली उतरलं आणि डाव्या मोराच्या पिसाऱ्यातून ओघळलं.

थोरला थांबला. कानडीत धाकट्या भावाला हाक मारतात तशी त्यानं हाक मारली. "तम्मा, हात बघ."

"तू वड," धाकटा म्हणाला. त्यानं हाताला उपरणं गुंडाळलं आणि परत मूठ धरली.

आणि मग त्यांना लय सापडली. हे मी कधी विसरणार नाही. एक ओढी, दुसरा सोडी. श्वाससुद्धा एका तालात. लहानपणी दोघांनी मिळून लाकडं कापली असतील तशी ती करवत झाकणातून उतरली, कलशातून उतरली, तळापर्यंत गेली. मी तिथंच उभा होतो. निघून जायला पाहिजे होतं, पाय निघेना. शिसवाचा गोडसर वास अंगणभर झाला. शेवटी पेटी मधोमध फाकली आणि दोन्ही भाग दोन बाजूंना धपकन आडवे पडले. आतलं लाकूड जांभळट, ओलं असल्यासारखं दिसत होतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी भिंतीवर हातोडा फेकला. खळगा अजून आहे. बायको म्हणाली, "पेटी त्यांची, भिंत आपली. जरा हिशेबानं फोडा."

पुढची कितीतरी वर्षं ती अर्धुकं कुठं आहेत ते मला रोज माहीत असायचं. थोरल्यानं त्याची निम्मी उघडी बाजू भिंतीला लावून ठेवली होती. तिच्यावर आधी टीव्ही आला, मग इन्व्हर्टर. धाकट्यानं कबनूरला यंत्रमाग टाकले आणि त्याची निम्मी मागाच्या शेडमध्ये गेली. तिच्यात सुताच्या कांड्या भरायचे. मोरावर तेल आणि कापसाचं तूस यांचा थर.

मी स्वतः जाऊन मागितली असती तर त्यांनी खरंच चुलीत घातली असती. म्हणून थोरल्याकडं बायकोला धाडलं. थोरल्याच्या सुनेला नवा सोफासेट पाहिजे होता आणि जागा नव्हती. माझी बायको भाव करायला बसली की मी तिच्यापुढं शाळकरी पोर. सोफा देऊन ते अर्धुक तर आणलंच, वर एक तांब्याचा हंडा घेऊन आली. कबनूरला एका ओळखीच्या माणसानं कांड्यांसाठी लोखंडी रॅक बसवून दिला आणि जागा अडते म्हणून जुनं लाकूड उचललं. मी कुणाला फसवलं नाही. वस्तू दिली, वस्तू घेतली. दुसरा भाग कुठं आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दोन्ही भाग शेडमध्ये समोरासमोर ठेवले आणि शिव्या द्यायला सुरुवात केली. ओंडक्याची करवत. तिनं नुसतं कापलं नव्हतं, खाल्लं होतं. काप वाकडा गेला होता, कडा फाटल्या होत्या. रंधा मारून सरळ केल्या तेव्हा दोन मोरांच्या चोचींमध्ये चार बोटांचं भगदाड राहिलं. कलश गेला होता. जे थोडं उरलं होतं ते रंध्याखाली गेलं.

भरायला तेवढ्या रुंदीचं जुनं शिसव मिळेना. जे मिळालं ते पटाशी लावली की तडकायचं. पहिला कलश कोरताना फुटला, तो मी रस्त्यावर भिरकावला. दुसरा माझ्याच मारानं फुटला. शेवटी पाडलेल्या घराच्या तुळईचा साग घेतला. त्याच्यातून झाकणाची, मागची, तळाची पट्टी काढली आणि पुढचा कलश कोरला. मोरांच्या चोची टेकतात ती जागा कोरताना मला दोन मोर आता पाणी पिताहेत की भांडताहेत हे पहिल्यांदा ठरवावं लागलं. मी भांडायला लावले.

सागाला काळं करायची जुनी तऱ्हा आहे. आधी हिरड्याचं पाणी पाजायचं. मग गुळाच्या पाण्यात गंजके खिळे आंबवत ठेवून त्याचं काळं पाणी वरून फिरवायचं. डोळ्यांदेखत पिवळं लाकूड शाईसारखं होतं. गूळ त्यांच्याच पेढीवरून आणला होता, हे सांगायला मला आजही बरं वाटतं. वर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, हातावर हात. सरस तापवून सांधे भरले, दोऱ्या पिळून पेटी आवळली, तेव्हा ती अशी कण्हली की शेजारचा दुकानदार बघायला आला. दोऱ्या सोडल्या तेव्हा पेटी एक झाली होती. मी तिच्यावर बसलो नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. त्या वर्षी पेटी पुढच्या दुकानात काढली आणि पटाश्या, रंधे, करवती तिच्यावर मांडून पूजा केली. रस्त्यावरून दिसत होती. कुणीतरी बघितली.

दुपारपर्यंत एक जीप येऊन थांबली आणि तिच्यातून दोघं उतरले. एका गाडीतून. दोघांचे केस पिकले होते.

"ही कुनाची पेटी?" थोरला.

"माझी."

"आमच्या बाची हाय ती."

"तुमच्या बाची एक हुती," मी म्हणालो. "तुमी तिच्या दोन केल्या. त्या दोन्ही मी घेतल्या. आता ही जी हाय ती तिसरी. ही माझी."

"चोरा!" धाकटा म्हणाला आणि आत आला.

त्यानं मागून माझे दोन्ही दंड धरले. थोरल्यानं माझ्याच दुकानातला चौरंगाचा पाय उचलला, कातलेला, सागवानी, मी त्याच आठवड्यात केलेला, आणि जबड्यावर मारला. तोंडात दात सुटे झाले. ते मी त्याच्या सदऱ्यावर थुंकलो. त्यानं परत मारला, खांद्यावर, बरगडीवर. एक धरतो, दुसरा मारतो, कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. मी कसाबसा वाकून पूजेतला लाकडी हातोडा हातात घेतला आणि मागं फिरवला. धाकट्याचं मनगट मोडल्याचा आवाज मी ओळखला, माझ्या रोजच्या ऐकण्यातला होता. मग तो खाली आणि मी त्याच्यावर, आणि थोरला माझ्यावर. हळद-कुंकू, फुलं, रक्त, पटाश्या सगळं एकत्र. पेटीला मात्र तिघांतल्या कुणाचाही धक्का लागला नाही. मारताना आम्ही तिघं तिला चुकवत होतो.

पोलीस आले. त्यांची तक्रार, माझी तक्रार, आणि भांडणाची वस्तू म्हणून पेटी जप्त. चौकीच्या मागच्या आवारात, पकडलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत ठेवली. वर आभाळ.

महिने गेले. मी जबडा बांधून जायचो. हवालदार तिच्यावर कागद पसरून भडंग खात बसलेला असायचा.

"हवालदारसाहेब, जरा उठा की. पॉलिश जातंय."

"पावणं, ही सरकारी पेटी हाय आता. सरकार कुठं बी बसंल."

एकदा मी त्याला धरून उठवायला गेलो तर माझ्यावर आणखी एक कलम लागता लागता राहिलं. मग माझ्या पैशानं ताडपत्री आणली. ती दोन दिवसांत मोटारसायकलींवर गेली.

उन्हाळा संपत आला आणि वळीव सुरू झाले. सरसाचं एक वाईट आहे. त्याला पाणी लागलं की तो सांधा सोडतो. एका सकाळी जाऊन बघितलं तर झाकणाची पट्टी एका कडेनं केसभर उचलली होती. एक धुवांधार पाऊस आणि पेटी परत दोन झाली असती. कोर्टात तारखा पडत होत्या. पावसाळ्याला तारीख लागत नाही. त्या सकाळी मी निरोप धाडला की मिटवायचं.

चौकीच्या ओसरीवर बसलो. तोच पंच, आता नीट दिसत नव्हतं त्याला. दोन्ही तक्रारी मागं घ्यायचं ठरलं. राहिली पेटी. मी म्हणालो, मोबदला देऊन घेतलीय, माझी आहे. थोरला म्हणाला, मग कोर्टात बघू, पडू दे हितंच. त्याला माहीत होतं मी आभाळाकडं बघतोय. त्या माणसानं आयुष्यात एकदाच मला भावात हरवलं, ते असं.

"बरं," मी म्हणालो. "तुमचीच. पन कुनाच्या घरात जानार? तेवढं सांगा." मला वाटलं, आता बसेल पाचर. आता दोघं पुन्हा एकमेकांच्या नरड्याला लागतील.

धाकटा प्लॅस्टरमधून काढलेला हात चोळत म्हणाला, "अण्णाच्या."

पंचालाही ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय म्हनालास?"

"अण्णाच्या घरात राहू दे. न्हाई तरी कबनूरला मागाचा धुरळा."

एवढं सोपं. ज्याच्यासाठी कलशातून करवत घातली ते चार शब्दांत झालं. मला मारून त्यांचं सगळं सरळ झालं होतं.

मी एक अट घातली. कुणीही विचारलं, पेटी कसली म्हणून, तर सांगायचं की ही आम्ही कापली होती आणि ह्यानं जोडली. नाव नको, पैसा नको, हे एक वाक्य. थोरल्यानं पंचाच्या गुडघ्याला हात लावला. "सांगू की. त्यात काय?" पेटी न्यायच्या आधी मी चौकीतच बसून ती पट्टी परत चिकटवून दिली. बायको म्हणाली, "दोन दात देऊन एक वाक्य आणलंय. ते बी दुसऱ्याच्या तोंडात ठेवून आलाय."

दोनेक वर्षांनी थोरल्यानं बंगला बांधला. वास्तुशांतीचं बोलावणं साऱ्या बाजाराला होतं, मलाही आलं. मी जेवायला गेलो नव्हतो. मी ते वाक्य ऐकायला गेलो होतो.

दिवाणखान्यात मधोमध पेटी, वर झेंडूच्या माळा. पुण्याकडचे कुणी पाहुणे तिच्यासमोर वाकून उभे. त्यांतली एक बाई म्हणाली, "हा कलश बघा. बाकी सगळं छान आहेच, पण हा कलश! असं काम आता कोण करतं?"

माझी छाती भरून आली, खोटं कशाला सांगू. मी पुढं सरकलो. थोरला म्हणाला, "आमच्या आजाच्या आजाची हाय. एका झाडाची, अखंड. हिला करवत म्हनून लागली न्हाई कवा."

धाकटा शेजारी उभा होता. तो आइस्क्रीमच्या ट्रेकडं बघायला लागला.

"अण्णा," मी म्हणालो, "शबूद दिलता."

"मेस्त्री, आइस्क्रीम घ्या."

"अण्णा, सांगा त्यांना."

"पिस्ता हाय. घ्या की."

सुपारीच्या तबकात अडकित्ता होता. तो मी उचलला. धाकट्याला कळलं असावं, तो "मेस्त्री, मेस्त्री" म्हणत पुढं आला, पण तोवर मी कलशावर वाकलो होतो. अडकित्त्याची कड कलशाच्या पोटावर ठेवली आणि जोर लावून खरवडलं. वरचं पॉलिश गेलं, त्याखालचं काळं गेलं आणि सागाचा पिवळा रंग उघडा पडला. बाजूच्या मोरावरही एक ओरखडा ओढला. तो आतपर्यंत जांभळा-काळाच.

"बघा!" मी ओरडलो. "मोर शिसवाचा, कलश सागाचा. हा मी कोरलाय. ह्यांनी मधोमध कापली हुती!"

थोरला हळूहळू खाली बसला. त्यानं त्या पिवळ्या जागेवरून बोट फिरवलं. उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बघितलासा?" तो पाहुण्यांना म्हणाला. "दुरुस्तीला म्हनून ह्याच्या दुकानात हुती. आमचा शिसवाचा कलश काढून घेतला ह्या भाड्यानं, आनि सागाचा बसवला."

त्या एका वाक्याचं कर्ज मी अजून फेडतोय. शाहूपुरीत आता गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं की आधी बोटाचं नख पुढं करतं आणि माझ्या पॉलिशवर ओढून बघतं.

मी थोरल्याच्या अंगावर गेलो. चार जणांनी उचलून मला पायऱ्यांवरून खाली टाकलं, कोपर फुटलं. फाटकापर्यंत ढकलत आणायला धाकटा आला. बाकीचे आत गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मेस्त्री, गप जावा. अण्णाला आता खरंच तसं वाटतंय."

"आनि तुला?"

"मला ठाऊक हाय की."

"मग आत जाऊन सांग. एकदाच सांग."

"तुमाला पेट्या लई मिळतील," तो म्हणाला. "मला अण्णा एकच हाय." आणि त्यानं आतून कडी घातली.

माझ्या हातात त्यांचा अडकित्ता तसाच होता. मी तो फाटकावरून आत भिरकावला. कुठल्यातरी गाडीची काच फुटली. आवाजावरून चांगल्यापैकी गाडी असावी.